जिल्ह्यातल्या छोट्या वारसा संस्थांचं डिजिटल जाळं: कामाची माणसं एकत्र कशी आणायची?

नोंदवही

पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं, भांडारकर संस्था १९१७ची, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७चं. ही सगळ्यांना माहीत असलेली नावं. पण तालुक्याच्या गावांत शंभरी ओलांडलेली कितीतरी वाचनालयं आहेत, देवस्थानांची दप्तरं आहेत, शाळा-कॉलेजांची छोटी संग्रहालयं आहेत. कपाटांत पोथ्या, मोडीची बाडं, बंद पडलेल्या मासिकांचे एकेकच उरलेले अंक. हा धागा या संस्थांसाठी आहे.

डिजिटायझेशन आज बहुतेक ठिकाणी असं होतं: देणगी मिळाली की ठेकेदार येतो, चार-सहा महिने स्कॅनिंग चालतं, एक हार्ड डिस्क हातात पडते आणि ती कार्यवाहांच्या टेबलाच्या खणात जाते. शेजारच्या गावातल्या संस्थेला कळतही नाही की तोच ग्रंथ आपण पुन्हा स्कॅन करतोय. पैसे कमी आहेत हे खरं, पण त्याहून मोठी अडचण ही की प्रत्यक्ष काम करणारी माणसं एकमेकांना ओळखतच नाहीत. अधिवेशनात अध्यक्ष अध्यक्षांना भेटतात. दाखल नोंदवही लिहिणारी ग्रंथपाल आणि पोथ्यांना फडकी बांधणारा सहायक एकमेकांना भेटत नाहीत.

माझं म्हणणं असं की जाळं बैठका घेऊन उभं राहत नाही, एखादं सामायिक काम हाती घेऊन उभं राहतं. सुरुवात अशी सुचवतो:

जिल्ह्यातल्या सहा ते आठ संस्था घ्या, जास्त नकोत. जिल्हा ग्रंथालय संघ असतोच, त्याच्या यादीतून निवडा, पण देवस्थान किंवा कॉलेजचं संग्रहालय असं एखादं बाहेरचंही असू द्या. प्रत्येक संस्थेतून दोन माणसं: एक रोज साहित्य हाताळणारं, एक सही करू शकणारं. पहिल्या भेटीत भाषणं ठेवू नका. प्रत्येकाने आपल्याकडच्या फक्त नियतकालिकांची यादी आणायची: नाव, कुठल्या वर्षाचे कुठले अंक आहेत, अवस्था. याद्या एका तक्त्यात टाकल्या की त्याच दुपारी दिसतं की एका मासिकाचे पहिले चार खंड एकीकडे आहेत आणि पुढचे तीन दुसरीकडे. मग कोण काय स्कॅन करणार हे ठरवायला वाद लागत नाही.

नियतकालिकंच का? पोथ्या आणि कागदपत्रं म्हटली की मालकीची भीती लगेच आडवी येते. मासिकांच्या बाबतीत ती कमी असते आणि एकत्र आल्याचा फायदा तिथे सगळ्यात लवकर दिसतो.

पुढच्या पायऱ्यांवर जाणकारांनी लिहावं: करार, उपकरणं, नोंदींचा साचा, हक्क, साठवण.

ठरावपुस्तक

कराराबद्दल लिहितो, कारण तिथेच निम्मे प्रयत्न बंद पडतात.

ग्रंथपालाला उत्साह असतो, पण कार्यकारी मंडळाचा ठराव नसतो. मंडळ बदललं की नवीन कार्यवाह विचारतात, "कुणी सांगितलं होतं द्यायला?" म्हणून पहिल्या प्रतिमेच्या आधी ठराव हवा, आणि तो मोघम नको. "डिजिटायझेशनला मान्यता" एवढंच लिहिलं तर पुढे प्रत्येक गोष्टीला पुन्हा मंडळासमोर जावं लागतं. ठरावात या गोष्टी स्पष्ट असाव्यात:

मूळ वस्तू संस्थेच्या इमारतीबाहेर जाणार नाही, उपकरणं संस्थेकडे येतील. प्रतिमांची पूर्ण प्रत संस्थेकडे राहील आणि एक प्रत जाळ्यातल्या दुसऱ्या संस्थेकडे सुरक्षेसाठी राहील; ती संस्था परवानगीशिवाय प्रतिमा प्रसिद्ध करणार नाही. नोंदी, म्हणजे नाव, काळ, माप वगैरे माहिती, सगळ्यांसाठी खुली राहील. प्रतिमा खुल्या करायच्या की नाही हे संग्रहागणिक ठरेल. निर्णय कोण देणार त्याचं पद लिहा, व्यक्तीचं नाव नको. आणि बाहेर पडायची अट: तीन महिन्यांची सूचना देऊन संस्था बाहेर पडू शकते, पण तोवर खुल्या केलेल्या नोंदी मागे घेता येणार नाहीत.

नोंदी आणि प्रतिमा यांची ही फारकत फार कामाची आहे. "आमचा ठेवा बाहेर जाईल" ही भीती प्रतिमांबद्दल असते. नोंदी खुल्या केल्याने काही जात नाही, उलट संशोधक दारात येतो. विश्वस्तांना आधी नोंदींपुरतं राजी करा. वर्षभरात चौकशीची पत्रं यायला लागली की प्रतिमांचा विषय तेच काढतात.

सामंजस्य करार दोन पानांचा पुरे. वकिलाकडून वीस पानांचा करून घेतला तर तो सहा मंडळांत सहा महिने फिरतो आणि प्रत्येक मंडळ एक कलम बदलतं.

उजेडकोन

उपकरणांबद्दल. प्रत्येक संस्थेने स्वतंत्र स्कॅनर घेऊ नये. एकच फिरता संच करा, दोन पेट्यांत मावणारा:

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ५० किंवा ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, खाली तोंड करून कॅमेरा धरणारा उभा स्टँड, ९५ च्या वर रंगनिष्ठा निर्देशांक असलेले दोन एलईडी दिवे, ९० ते १२० अंशांत उघडणारा पुस्तक ठेवायचा व्ही आकाराचा पाळणा, २४ चौकोनांचं रंगपत्र, मोजपट्टी, केबलने जोडलेला लॅपटॉप, काळं जाड कापड, स्पिरिट लेव्हल.

२४ मेगापिक्सेलच का, तेही सांगतो. प्रतिमा ६००० बाय ४००० पिक्सेलची येते. ए-४ पान ११.६९ बाय ८.२७ इंच. पान चौकटीत काठोकाठ बसवलं तर इंचाला ४८० पिक्सेल पडतात, कडेला मोजपट्टी आणि रंगपत्रासाठी जागा सोडली की ४०० च्या आसपास. जतनासाठी ते पुरतं. त्याच कॅमेऱ्यात ए-३ आकाराचं वृत्तपत्राचं पान घेतलं तर जेमतेम ३०० उरतात. मोठ्या वृत्तपत्रासाठी पान दोन भागांत घ्या आणि दोन्ही भागांत किमान दोन-तीन सेंटिमीटर मजकूर सामायिक ठेवा, नाहीतर नंतर जोडता येत नाही.

मांडणी: दिवे दोन्ही बाजूंना, पानाशी ४५ अंशांवर, पानापासून सारख्या अंतरावर. खोलीतले दिवे बंद, खिडक्यांना कापड. एका बाजूने जरी दिवसाचा उजेड आला तरी सकाळच्या आणि दुपारच्या पानांचा रंग वेगळा दिसतो, आणि तो नंतर सुधारणं म्हणजे प्रत्येक पानाला वेगळा हात लावणं. एफ/८, आयएसओ १००, फोकस एकदा हाताने लावून बंद, पांढऱ्याचा तोल करड्या चौकोनावरून. प्रत्येक बैठकीची पहिली प्रतिमा रंगपत्राची. जागा हलली, दिवा हलला, जेवणाची सुट्टी झाली की पुन्हा रंगपत्र.

काय बिघडतं? सगळ्यात जास्त वेळा कॅमेऱ्याची पातळी. पान आणि सेन्सर समांतर नसले की एका कोपऱ्यातलं अक्षर किंचित मऊ येतं. स्क्रीनवर पूर्ण पान पाहताना ते दिसत नाही, ओसीआर (प्रतिमेतला मजकूर यंत्राने वाचून घेणं) करताना दिसतं. म्हणून दर पन्नास पानांनी एक प्रतिमा शंभर टक्के मोठी करून चारही कोपरे तपासा. दुसरं, काच. पान सपाट करायला काच दाबायचा मोह होतो. ठिसूळ कागदावर आणि शाई सुटणाऱ्या पोथीवर काच ठेवायचीच नाही. तिसरं, गंजलेल्या टाचण्या. त्या काढायचं काम स्कॅनिंगच्या टेबलावर करू नका. आदल्या दिवशी वेगळ्या टेबलावर, मऊ ब्रश आणि बोथट पट्टीने. जी निघत नाही ती तशीच ठेवा आणि नोंदीत लिहा.

वेगाचा अंदाज: चांगल्या बांधणीच्या छापील पुस्तकाला दोन सरावलेली माणसं तासाला दोनशे पानं सहज करतात. सुट्ट्या जीर्ण कागदांना तासाला पन्नास-साठ धरा. वेळापत्रक पुस्तकांच्या वेगाने आखलं आणि समोर बाडं आली की सगळा संच पुढच्या संस्थेकडे उशिरा पोचतो, आणि जाळ्यातली पहिली नाराजी इथेच सुरू होते.

पानउलट

मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपने होणार नाही का? छोट्या वाचनालयाला दोन पेट्यांचा संचसुद्धा मोठा वाटतो.

उजेडकोन

@पानउलट, यादीसाठी मोबाइल उत्तम. मुखपृष्ठ, शीर्षकपान, दाखल क्रमांकाचा शिक्का एवढे तीन फोटो प्रत्येक पुस्तकाचे काढले तर अर्धी नोंद तयार होते. जतनाच्या प्रतीसाठी मात्र नको. ही अ‍ॅप्स पान आपोआप सरळ करतात, पांढरं करतात आणि दाबून साठवतात. समासातली फिकट पेन्सिलची टीप त्या पांढरं करण्यातच पुसली जाते.

टंकखुणा

याद्या एकत्र करताना पहिली ठेच कुठे लागते ते सांगतो, म्हणजे @नोंदवही यांची ती दुपार वाया जाणार नाही.

बऱ्याच संस्थांच्या याद्या पूर्वीच संगणकावर आहेत, पण श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी योगेश, सुरेख अशा जुन्या फॉन्टांत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. लोक घाबरून "डेटा खराब झाला" म्हणतात आणि पुन्हा टंकायला बसतात. तसं करू नका. आधी प्रत्येक स्तंभाचा फॉन्ट पाहा. एकाच फाइलीत दोन ऑपरेटरांचे दोन फॉन्ट असणं नेहमीचं आहे. मग शंभर नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, बदलून डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे बिघाड बहुतेक तिथेच होतो: "किर्लोस्कर", "मूर्ती", "धर्मविचार" असे शब्द निवडून पाहा.

पूर्ण युनिकोड यादीतही फसवणारी ठिकाणं आहेत. "वाऱ्या" हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो: ऱ + हलन्त + य, किंवा र + हलन्त + अदृश्य जोडखूण + य. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. तसंच "ॲ". २००८ साली युनिकोडमध्ये याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही कित्येक याद्यांत अ वर चंद्र देऊन केलेलं "अॅ" असतं. "ॲडम" शोधला तर निम्मी पुस्तकं सापडत नाहीत आणि ग्रंथपालाला वाटतं पुस्तक गहाळ आहे.

उपाय: जाळ्यासाठी एकच लेखननियम एका पानावर लिहून ठेवा. ऱ्य साठी पहिला प्रकार, ॲ साठी एकसंध अक्षर, अदृश्य खुणा काढून टाकायच्या, आकडे नोंदीत देवनागरी चालतील पण क्रमांकाच्या रकान्यात इंग्रजीच (0-9). मग ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात शोधा-बदला एकदा लिहून ठेवलं की प्रत्येक नव्या यादीला तेच चालवता येतं. सारखी दिसणारी नावं गोळा करण्याची सोयही त्यात आहे: "वि. का. राजवाडे" आणि "राजवाडे, वि. का." एका खाली एक येतात, आणि निवड माणसाने करायची. ही निवड यंत्रावर सोडू नका; एकाच आडनाव-आद्याक्षरांचे दोन लेखक मराठीत भरपूर आहेत.

फाइलींची नावं मात्र देवनागरीत ठेवू नका. जुनी झिप सॉफ्टवेअरं ती मोडतात. रोमन लघु अक्षरं, आकडे आणि अधोरेखा एवढंच: संस्थेचा तीन अक्षरी संकेत, संग्रह, दाखल क्रमांक, पान. पानाचा क्रमांक चार आकडी, ०००१ पासून. नाहीतर १० वं पान २ च्या आधी येऊन बसतं.

शके१६८२

टंकखुणांनी अक्षरांचं लिहिलं, मी काळाचं लिहितो. मोडी कागद असलेल्या संस्थांनी एकत्र यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे की तारखा लावणारी माणसं थोडी आहेत.

नोंदीत काळाचे दोन रकाने ठेवा: कागदावर जसा लिहिला आहे तसा, आणि इसवी सनात. पहिला रकाना कधीही बदलायचा नाही. शक आला तर ७८ मिळवायचे, पण चैत्रात सुरू झालेलं शकाचं वर्ष इसवी सनाच्या पुढच्या वर्षात जातं, म्हणून १ जानेवारीनंतरच्या, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या, तिथींना ७९. इसवी वर्ष मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात बदलत असल्याने त्या दिवसांची तिथी पंचांगाशी ताडून पाहा. महिना नसेल तर एक वर्ष लिहू नका, पल्ला लिहा: शके १७८० म्हणजे १८५८-५९.

सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतला अरबी आकड्यांचा सन, आला तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे साल मृगाला, म्हणजे मे अखेर-जूनच्या सुमारास सुरू होतं. पत्रात ते अरबी आकडेशब्दांत असतं. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सन ११६१. साल जून १७६० ते मे १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध ८ शके १६८२. दोन्ही पद्धतींनी पडताळा जुळतो. नवशिक्यांना शिकवताना हेच उदाहरण घ्या, कारण तिथे दोन्ही सनांची मोठी बेरीज लागते, ७९ आणि ६००, आणि सरसकट ७८ मिळवणारा लगेच उघडा पडतो.

"खमस" आणि "खमसैन" यांत गफलत झाली तर पाचाचे पन्नास होतात. म्हणून नियम करा: मोडी कागदाचा काळ दोन जणांनी स्वतंत्रपणे लावायचा, आणि दुसरा वाचक दुसऱ्या संस्थेचा असावा. महिन्यातून एक संध्याकाळ व्हिडिओ कॉलवर फक्त अडलेले कागद ठेवायचे. प्रत्येक संस्थेने जास्तीत जास्त पाच, प्रतिमा दोन दिवस आधी पाठवलेल्या. यात तंजावरच्या बाजूची माणसंही जोडता येतील. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठ्यांच्या दरबाराची मोडी बाडं आहेत आणि तिथल्या वळणाचा सराव महाराष्ट्रातल्या वाचकांना कमी असतो.

हस्ताक्षर ओळखणाऱ्या यंत्राबद्दल विचारणा येईलच, म्हणून आत्ताच लिहितो. ट्रान्सक्रिबससारख्या हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रणालीला शिकवायला हाताने वाचून दिलेले साधारण पाच ते पंधरा हजार शब्द लागतात, आणि एका संस्थेकडे एका वळणाचे तेवढे वाचलेले कागद क्वचितच असतात. सहा संस्थांचे मिळून असतात. पण शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणं एका ढिगात टाकू नका. मोडीत शिरोरेषा आधी सलग ओढून अक्षरं तिला टांगलेली, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. त्यामुळे यंत्राला देताना "लिप्यंतर जसंच्या तसं" आणि "शुद्ध करून शब्द तोडलेलं" हे दोन पाठ वेगळे ठेवा. कोणी तोडून दिलं, कोणी सलग दिलं तर यंत्र काहीच धड शिकत नाही. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण देवाणघेवाणीसाठी देवनागरी लिप्यंतरच सोयीचं.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितेय, इथल्या दोन गोष्टी तिकडे उपयोगी पडतील.

युरोपियाना हे २००८ साली सुरू झालेलं युरोपातल्या संग्रहालयांचं, ग्रंथालयांचं आणि अभिलेखागारांचं सामायिक दालन. पण त्याच्यासोबत व्यावसायिकांचं एक स्वतंत्र जाळं आहे, आणि त्याचं सदस्यत्व संस्थेला नाही तर व्यक्तीला मिळतं, मोफत. त्यामुळे छोट्या संग्रहालयातला तंत्रज्ञ वरिष्ठांच्या परवानगीची वाट न बघता तंत्रज्ञान, हक्क, शिक्षण अशा विषयगटांत थेट बोलू शकतो. @ठरावपुस्तक, तुमचा करार संस्थांमध्ये असू दे, पण चर्चेचा गट व्यक्तींचा ठेवा. नोकरी बदललेला ग्रंथपाल गटातून जाऊ नये, त्याचं ज्ञान जिल्ह्यातच राहतं. नोंदी खुल्या आणि प्रतिमांचे हक्क वेगळे ही तुमची फारकत युरोपियानानेही केली: २०१२ पासून तिथल्या सगळ्या नोंदी निर्बंधमुक्त आहेत, प्रतिमांचे हक्क वस्तूगणिक.

दुसरं उदाहरण कोडिंग दा विंची. जर्मन डिजिटल ग्रंथालय, विकिमीडिया जर्मनी, ओपन नॉलेज फाउंडेशन आणि बर्लिनचं डिजिस हे सेवा केंद्र यांनी २०१४ साली बर्लिनमध्ये सुरू केलेली सांस्कृतिक हॅकेथॉन. नेहमीच्या हॅकेथॉनसारखं शनिवार-रविवारी संपत नसे. सुरुवातीची भेट, मग काही आठवडे काम, मग सादरीकरण. या मधल्या आठवड्यांतच खरी ओळख होते, कारण प्रोग्रामरला दहा शंका येतात आणि त्या संग्रहालयातल्या माणसाला विचाराव्या लागतात. अट एकच: संस्थेने आपला एक संच खुल्या परवान्याखाली आधीच द्यायचा.

जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजबरोबर हे करता येईल. विद्यार्थ्यांना "काहीतरी अ‍ॅप करा" म्हणू नका. दोन-तीनशे स्वच्छ नोंदी, प्रतिमांचे दुवे आणि संस्थेचे तीन ठोस प्रश्न द्या. उदाहरणार्थ, नाटकांच्या हस्तपत्रकांतून कुठल्या नाट्यगृहात कुठल्या साली काय झालं याचा नकाशा. आणि अ‍ॅपपेक्षा डेटा परत घ्या: विद्यार्थ्यांनी सुधारलेल्या नोंदी संस्थेच्या यादीत आल्या तरच काम टिकतं. अ‍ॅप दोन वर्षांत बंद पडतं, हे गृहीत धरून चाला.

मुक्तपान

हक्कांबद्दल, म्हणजे कॉपीराइटबद्दल, चुकीच्या समजुती दोन्ही बाजूंनी आहेत: काही संस्था सगळंच लपवतात, काही सगळंच चढवतात.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. पण पुस्तकात प्रस्तावनाकार, अनुवादक, चित्रकार वेगळे असले तर प्रत्येकाचं गणित वेगळं. नोंदीत "हक्क" या रकान्याजवळ लेखकाचं मृत्युवर्ष हा रकाना घालाच. तो एकदा भरला की पुढची वर्षानुवर्षं यादी आपोआप सांगते की यंदाच्या जानेवारीत काय मोकळं झालं. निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं.

मुक्त नसलेलं पुस्तकही जतनासाठी स्कॅन करता येतं: कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्ये ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत स्वतःकडे असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा आहे. जालावर टाकायची मुभा त्यात नाही. हे वाक्य ठरावात उतरवून घ्या.

विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्र-फाइल भांडारात, देताना आणखी एक चाळणी लागते: तिथे अमेरिकेतही ते मुक्त असावं लागतं. प्रकाशनाला ९५ वर्षं उलटून गेलेलं पुस्तक निर्धास्त, त्यानंतरच्याचं वेगळं तपासा. आणि "व्यापारी वापर नको" असा परवाना कॉमन्स घेत नाही.

एकदा कॉमन्सवर गेलं की मराठी विकिस्रोतावर (मुक्त ग्रंथांचं विकी) त्याचं मुद्रितशोधन सुरू करता येतं. पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्या सदस्याने पडताळलं की हिरवं. संस्थांच्या वाचकवर्गातल्या निवृत्त शिक्षकांसाठी हे फार चांगलं काम आहे. दोन संस्थांनी जोडी करावी: एकीच्या वाचकांनी पिवळं करायचं, दुसरीच्या वाचकांनी हिरवं. टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरचा मराठी साचा आजच्या छपाईवर बरा चालतो, पण शिळाछापावर अगदीच कमी, आणि जुन्या खिळ्यांच्या जोडाक्षरांत चुका करतो. तिथे यंत्राचा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा सरळ टंकणं लवकर होतं.

मांडवीतीर

गोव्यातून एक भर. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२चं, आणि इथल्या अभिलेखागारात पोर्तुगीज कागदांबरोबर मराठी, मोडी कागदही आहेत. पोर्तुगीज राजदरबाराशी झालेल्या पत्रव्यवहाराची काही बाडं पणजीत आहेत, काही लिस्बनला. त्यामुळे जाळं जिल्ह्यापुरतं ठेवलं तरी नोंदीचा साचा बाहेर जोडता येईल असा हवा.

सगळ्यात जास्त घोळ स्थळनामांचा होतो. "साष्टी" गोव्यातही आहे आणि मुंबई-ठाण्याकडेही. पोर्तुगीज कागदांत दोन्हींचा उल्लेख येतो. नुसतं नाव लिहिलं तर वसईच्या स्वारीचा कागद मडगावच्या नकाशावर जाऊन बसतो. स्थळाच्या रकान्याशेजारी विकिडेटाचा (प्रत्येक स्थळ-व्यक्तीला एकच क्रमांक देणारा खुला माहितीसाठा) क्रमांक लिहा. व्यक्तिनामांनाही तेच. एका गावाची मराठी, कोंकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशी चार रूपं त्या एका क्रमांकाखाली एकत्र येतात, आणि कुठलंही रूप चूक ठरवावं लागत नाही.

पानउलट

हे सगळं पटलं. पण चर्चा चालवायची कुठे? व्हॉट्सअ‍ॅप गटात शुभेच्छा आणि फॉरवर्ड सुरू होतात. आणि पैसे?

नोंदवही

@पानउलट, व्हॉट्सअ‍ॅप ठेवा, पण फक्त "संच कुठे आहे, कॉल कधी आहे" एवढ्यासाठी. प्रश्नोत्तरं ईमेल गटावर, कारण तिथे सहा महिन्यांनी शोधता येतं. ठरलेले नियम एका सामायिक दस्तऐवजात, आणि तो बदलायचा हक्क दोघांकडेच.

भेटी तीन महिन्यांतून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्या संस्थेत. सकाळी यजमान संस्थेची कपाटं बघायची, दुपारी एकच कौशल्य हाताने करून शिकायचं: पाळण्यावर पुस्तक लावणं, ओपनरिफाइन, तारखा लावणं. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बोलवा, त्यांच्या प्रकल्पांना विषय मिळतात. समन्वयक वर्षाने बदला, पण जुन्याने पुढचे तीन महिने सोबत राहायचं. वार्षिक अहवालासाठी जिल्ह्याचा ग्रंथोत्सव हे चांगलं निमित्त आहे. तिथे एक टेबल मागा आणि एकत्रित यादीत लोकांना स्वतः शोधू द्या.

पैशांसाठी एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा जाळ्याचा अर्ज वजनदार ठरतो, पण जाळं नोंदणीकृत नसतं, म्हणून एक संस्था अर्जदार आणि बाकीच्या सहभागी अशी रचना करा. ग्रंथालयांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, संग्रहालयांसाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना (वस्तूंचं डिजिटायझेशन तीत बसतं), हस्तलिखितांसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं ज्ञानभारतम् अभियान, ज्यात खाजगी संग्राहकांनाही धरलं आहे. धोक्यात आलेल्या जुन्या कागदांसाठी ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम २००४ पासून अनुदान देतो. मूळ कागद देशाबाहेर जायचे नाहीत ही त्याची अट विश्वस्तांना आवर्जून सांगा. अर्जात उपकरणांपेक्षा माणसांच्या पगाराचा आणि पुढच्या साठवणीचा खर्च जास्त धरा. बहुतेक अर्ज इथेच उलटे असतात.

तिसरीप्रत

साठवणीवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

ए-४ पान, ४०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), रंगीत, न दाबलेलं टिफ: ३३०७ बाय ४६७७ पिक्सेल, सुमारे ४६ एमबी. दोनशे पानांचं पुस्तक ९ जीबीच्या थोडं वर. ४ टीबीच्या डिस्कवर अशी चारशे-सव्वाचारशे पुस्तकं. आणि तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या ठिकाणी. जाळ्याचा फायदा इथे आपोआप मिळतो: वेगळं ठिकाण म्हणजे शेजारच्या तालुक्यातली संस्था. फक्त दोन्ही संस्था एकाच नदीच्या पूररेषेत नसाव्यात.

स्कॅनिंग संपलेल्या दिवशीच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइल किंचित जरी बदलली तरी बदलणारा आकडा) काढून यादीत ठेवा. बॅगइट ही फाइली बांधायची मांडणी वापरली तर ठशांची यादी फाइलींबरोबरच प्रवास करते. दर सहा महिन्यांनी डिस्क जोडून ठसे पुन्हा ताडायचे. न जुळलेली फाइल दुसऱ्या संस्थेच्या प्रतीतून परत घ्यायची, आणि आधी ती दुसरी प्रत तपासायची; बिघडलेली फाइल चांगलीवर चढवणं हा नेहमीचा अपघात आहे. डिस्क पाच वर्षांनी बदलायची असं धरून त्याचा खर्च वार्षिक वर्गणीत घाला.

लोकांना दाखवायला टिफ नको, जेपीईजी पुरे. स्वतःचा सर्व्हर चालवायला माणूस नसेल तर मुक्त झालेलं साहित्य इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा. तिथून आयआयआयएफ या संस्थांमधल्या सामायिक पद्धतीने प्रतिमा मिळतात, म्हणजे दोन संस्थांकडे विभागलेल्या एका मासिकाचे खंड एकाच वाचकखिडकीत सलग उघडता येतात, फाइली एकमेकांना न देता. @नोंदवही, नियतकालिकांच्या तुमच्या पहिल्या यादीत खंड आणि अंक हे रकाने वेगवेगळे ठेवा. एकाच रकान्यात "खंड ३ अंक ४-६" असं लिहिलेलं असलं तर ही जोडणी यंत्राला करता येत नाही.

नोंदवही

@तिसरीप्रत, बरोबर. रकाने असे करतो: नियतकालिकाचं नाव, खंड, अंक पासून, अंक पर्यंत, काळ मूळ, काळ इसवी, संस्था, दाखल क्रमांक, अवस्था, गहाळ पानं. जोडअंकासाठी "पासून-पर्यंत" पुरेल. "गहाळ पानं" हा रकाना रिकामा राहिला तर त्याचा अर्थ "तपासलं नाही" असा धरायचा. सगळी पानं असतील तर स्पष्ट "पूर्ण" लिहायचं.